सुश्रुतोक्त ‘पायना’ व लोहाराचें ‘पाणी’

[१]

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील आठवा अध्याय शस्त्रांविषयीं आहे. वीस शस्त्रें, त्यांचीं कर्में, तीं हातीं धरण्याची रीत, त्यांचे सहा गुण व आठ दोष इतकें सांगून झाल्यावर आचार्य प्रथम धारेचें मान सांगतात, नंतर ‘पायना’ सांगतात, आणि त्यापुढें निशानाकरितां कशी शिळा घ्यावी तें सांगतात. ह्यांपैकीं ‘पायना’ हा एकच शब्द प्रस्तुत लेखाचा विषय आहे. पायना तीन प्रकारची : क्षारांतील, उदकांतील व तैलांतील. क्षारपायित शस्त्र बाण, शल्य व अस्थि यांच्या छेदनास योजावें. उदकपायित शस्त्र मांसाच्या छेदन-भेदन-पाटनास. आणि तैलपायित शस्त्र शिरावेधास व स्नायुच्छेदास, असा विभाग तेथें केलेला आहे.

कोशांत ‘पायना’ ह्या शब्दाचे पाजणें, भिजविणें, धार लावणें असे अर्थ सांपडतात. ह्यांतील कोणता येथें घ्यावा हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. पण त्यावर ग्रंथकाराच्या कारागिरीच्या ज्ञानाची सर्व पारख अवलंबून आहे. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आयुर्वेदाचे दोन विद्यार्थी हा ग्रंथ लावून घेण्याकरितां माझ्याकडे येत असत. मीं त्यांस ‘पायना म्हणजे दगडास पाण्याचा अथवा तेलाचा हात देऊन शस्त्रास धार लावणें’ असा अर्थ सांगितला. त्यांपैकीं एकानें विचारिलें, ‘‘गुरुजी, तसें असेल तर पुढच्याच वाक्यांत निशान पुन्हां वेगळें कां सांगितलें?’’ शंका योग्य होती. मीं मात्र ‘तोच विषय विस्तारानें सांगितला आहे’ असें म्हणून तिची बोळवण केली. माझें उत्तर चुकीचें होतें हें मला गेल्या हिवाळ्यांत कळलें. आणि तें ग्रंथालयांत कळलें नाहीं, सांगलींतील एका घराच्या पडवींत कळलें. ती हकीकत येथें सांगण्याचें कारण, तिच्यांत माझ्या चुकीपेक्षां मोठी अशी एक गोष्ट आहे.

[२]

माझा एक जुना विद्यार्थी कारखान्यांतील नोकरी करून घरीं पडवींत एक लहानसें यंत्रघर बाळगून आहे. एक जुना लेथ, भिंतीशीं पाना-पकडींची फळी, एक शेगडीवजा भट्टी व तिला भात्याऐवजीं जोडलेला विजेचा पंखा, एवढाच त्याचा संसार. मी गेलों त्या दिवशीं तो स्वतःकरितां एक छिन्नी करीत होता. बाजारांत ती थोडक्या पैशांत मिळते; पण मनासारखें हत्यार स्वतःच्या हातानें करावें ही त्याची हौस. त्यानें अठपैलू पोलादी गजाचा सुमारें सहा इंचांचा तुकडा घेतला होता. लेथवर त्याचें डोकें किंचित् निमुळतें कातून घेतलें, म्हणजे हातोड्याचा घाव मध्यावर बसतो. दुसरें टोंक भट्टींत लाल करून ऐरणीवर पसरट घडविलें. आणि सहाणयंत्रावर दोन्ही अंगांनीं घासून त्यास साठ अंशांच्या सुमाराचा कोन आणला. नरम धातूस कोन लहान चालतो व कठीण धातूस मोठा लागतो, हें त्यानें मला सांगितलें. त्या वेळीं सुश्रुतानें भेदनाच्या शस्त्रास मसुरेएवढी व छेदनाच्या शस्त्रास अर्ध्या केंसाएवढी धार सांगितली आहे तिची मला सहज आठवण झाली.

ह्यानंतर त्यानें टोंक पुन्हां तापविलें, चांगलें भगभगीत केलें, आणि एकदम पाण्याच्या बालदींत बुडविलें. मग धार लावून एका लोखंडी पट्टीवर छिन्नी धरली व हातोडा मारला. पहिल्याच घावास धारेचा कोपरा कांचेसारखा उडाला. सुश्रुताच्या आठ दोषांपैकीं ‘खंड’ तो हाच.

शेजारीं एक वृद्ध लोहार राहतात. आतां त्यांची भट्टी बंद आहे. मुलगा दुसऱ्या धंद्यांत आहे. माझा विद्यार्थी त्यांस ‘आबा’ म्हणतो. आवाज ऐकून ते आले, तुटलेला कोपरा बोटानें चांचपून पाहिला, आणि कांहीं न बोलतां छिन्नी पुन्हां घडवून घ्यावयास लाविली. नंतर त्यांनीं स्वतः ती सांडशींत धरली. भट्टींत तिचें टोंक पिकल्या बोरासारखें लाल होईतोंच ठेविलें, त्याहून अधिक नाहीं. मग फक्त धारेकडचा बोटभर भाग पाण्यांत धरला व पाण्यांत किंचित् वरखालीं हालविला. मागचा भाग लालच राहूं दिला. बाहेर काढून दगडाच्या तुकड्यानें टोंक झटपट घासून पांढरें केलें, आणि ते स्वस्थ पाहत बसले. मागच्या भागाची उष्णता पुढें सरकूं लागली तसतसे पांढऱ्या पोलादावर रंग चढूं लागले : आधीं फिकट पिवळा, मग तपकिरी, त्यामागून जांभळा, आणि त्याच्या पाठीशीं निळा. हे पट्टे एकामागून एक धारेकडे चालत आले. जांभळा रंग धारेस टेंकतांच त्यांनीं सबंध छिन्नी पाण्यांत सोडली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘गुरुजी, पोलादाला पाणी पाजायचं असतंय. बुडवून मारायचं नसतंय.’’

‘पाजायचं’ हा शब्द कानीं पडतांच मला ती जुनी शंका आठवली, व ती विचारणारा विद्यार्थीही आठवला.

[३]

व्याकरणदृष्ट्या पाहूं. ‘पा’ म्हणजे पिणें. त्याचें प्रयोजक करितांना ‘युक्’ आगम होऊन ‘पाययति’ म्हणजे ‘पाजतो’ असें रूप होतें, आणि प्रयोजक धातूंपासून स्त्रीलिंगी भाववाचक नाम करणारा ‘युच्’ प्रत्यय (पाणिनि ३।३।१०७) लागून ‘कारणा’, ‘हारणा’ यांप्रमाणें ‘पायना’ हा शब्द सिद्ध होतो. त्याचा अक्षरशः अर्थ ‘पाजणें’ एवढाच. मराठी लोहाराचें ‘पाणी पाजणें’ हें त्याचें भाषांतर नव्हे, तर तीच कल्पना, तोच प्रयोजक, तेंच कर्म. ‘धार लावणें’ हा अर्थ घेण्यास मूळ धातूंत कांहींच आधार नाहीं.

दुसरें प्रमाण क्रमाचें. पडवींत जो क्रम मीं पाहिला तो असा : आधीं धारेचा आकार, मग पाणी, मग दगडावर शेवटची धार. पाणी दिल्यानंतर पोलाद इतकें कठीण होतें कीं त्यास आकार देणें दुरापास्त. आणि आधींच बारीक धार लाविली तर ती भट्टींत जळून जाते. म्हणून पाजणें हें मध्येंच येतें, मागें-पुढें होऊं शकत नाहीं. सुश्रुताच्या अध्यायांतही क्रम हाच आहे : धारा, पायना, निशान. ज्या पुनरुक्तीची सबब सांगून मीं विद्यार्थ्यास गप्प केलें ती तेथें मुळींच नाहीं. तीन वाक्यांत तीन निरनिराळ्या क्रिया आहेत.

तिसरें प्रमाण वराहमिहिराचें. बृहत्संहितेच्या खड्गलक्षणाध्यायांत, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकांत, ह्याच क्रियेस ‘शस्त्रपान’ म्हटलें आहे. तेथें केळीचा क्षार ताकांत कालवून दिवसभर ठेवावा, त्यांत लोखंडास पाजावें, आणि मग तें दगडावर चांगलें पाजळावें, म्हणजे तें भंगत नाहीं, असें सांगितलें आहे. पाजणें व पाजळणें ह्या दोन क्रिया येथेंही पृथक् आहेत, आणि त्यांचा क्रमही तोच आहे. एक वैद्यकाचा ग्रंथ व एक ज्योतिषाचा ग्रंथ, दोन्ही एकच साक्ष देतात.

चौथें प्रमाण स्वतः पोलादाचें. पोलादांत अल्पसा कोळशाचा अंश असतो. लाल तापविल्यावर तो लोखंडांत विरघळतो. सावकाश निवूं दिलें तर वेगळा होतो व पोलाद नरम राहतें. एकदम निवविलें तर तो आंतल्या आंत कोंडला जाऊन पोलाद अतिशय कठीण, पण तितकेंच ठिसूळ होतें. निवविण्याचा वेग द्रवावर अवलंबून आहे. पाण्यांत तापलेल्या पोलादाभोंवतीं वाफेचा पडदा धरतो व तो कांहीं क्षण उष्णता अडवितो. क्षारयुक्त पाण्यांत हा पडदा लवकर फुटतो, म्हणून पोलाद त्याहून वेगानें निवतें. तेलांत तें पाण्यापेक्षां बरेंच सावकाश निवतें. अर्थात् क्षारांत सर्वांत कठीण, पाण्यांत मध्यम, तेलांत त्याहून सौम्य. आतां सुश्रुताचा विभाग पाहावा : अस्थि कापणाऱ्या जाड शस्त्रास क्षार, मांस कापणाऱ्यास पाणी, आणि शिरा वेधणाऱ्या केंसासारख्या बारीक अग्राच्या शस्त्रास तेल. बारीक अग्र पाण्यांत घातलें तर तडकण्याची भीति. तेलांत तें टिकतें. पायना म्हणजे धार लावणें असें मानिलें तर हा विभाग अर्थहीन होतो. पाणी पाजणें असें मानिलें तर तो आजच्या कारखान्यांतही लागू पडतो.

येथें एक मर्यादा सांगितली पाहिजे. आबांनीं रंग पाहून कठीणपणा उतरविला, ती दुसरी पायरी सुश्रुताच्या वाक्यांत सांगितलेली नाहीं. ते रंग पोलादावर चढणाऱ्या अत्यंत पातळ गंजाच्या थराचे असतात. सुमारें २३० अंश शतमान उष्णतेस फिकट पिवळा, २५५ च्या सुमारास तपकिरी, २८० च्या सुमारास जांभळा व ३०० च्या सुमारास निळा दिसतो. छिन्नीस घाव सोसावयाचा असतो, म्हणून ती जांभळ्या रंगापर्यंत उतरवावी लागते. आणि तिच्या डोक्यास तर पाणी पाजावयाचेंच नसतें, नाहीं तर हातोड्याखालीं तें फुटून कपची डोळ्यांत जाते. सुश्रुतानें हें सांगितलें नाहीं, ह्याचें कारणही त्याच अध्यायांत आहे. हीं शस्त्रें शुद्ध लोखंडाचीं, आपल्या कर्मांत निष्णात अशा कर्माराकडून करवून घ्यावीं, असें तो वैद्यास सांगतो. वैद्यानें काय मागावें तें ग्रंथांत आलें. कर्मारानें तें कसें साधावें तें कर्माराच्या घरीं राहिलें.

‘पाणी’ ह्याचा अर्थ येथें तेज असा असून, मोत्याच्या पाण्याप्रमाणें ती चकाकी समजावी, असाही एक पक्ष संभवतो. ‘पाणीदार’ हा शब्द त्या पक्षास अनुकूल दिसतो. आणि दोन्ही अर्थ बोलण्यांत एकमेकांत मिसळले असतील हें मला मान्य आहे. परंतु तेज ‘पाजतां’ येत नाहीं. क्रियापद हेंच येथें निर्णायक आहे.

[४]

ह्या एका शब्दावरून आबांच्या इतर शब्दांकडे माझें लक्ष गेलें. अमरकोशाच्या शूद्रवर्गांत कारागिरांच्या हत्यारांचीं नांवें आलीं आहेत. त्यांतील ‘भस्त्रा’ म्हणजे त्यांचा भाता, ‘मूषा’ म्हणजे मूस, ‘कर्तरी’ म्हणजे कातर, ‘करपत्र’ म्हणजे करवत, ‘आरा’ म्हणजे चांभाराची आरी, आणि ‘टंक’ म्हणजे पाथरवटाची टांकी, छिन्नीची थोरली बहीण. सुश्रुताच्या यंत्रांतील ‘संदंश’ म्हणजे सांडस. आणि ज्या ‘निशान’ शब्दाचा अर्थ मीं पायनेशीं एक केला होता, तो घरोघर ‘निसणा’ ह्या रूपानें विळ्याखालीं पडलेला असतो. स्वतः ‘कर्मार’ हा शब्द मराठींत उरला नाहीं. पण जतेकडे कानडी बोलणारा शेतकरी आजही लोहारास ‘कम्मार’ म्हणतो. म्हणजे ज्या अध्यायाकरितां मीं कोश चाळले, त्याचा शब्दकोश माझ्या घरापासून हांकेच्या अंतरावर होता, व मीं तो कधीं उघडला नाहीं.

[५]

हें ज्ञान कृष्णाकांठीं कसें वाहत आलें त्याचा थोडा विचार करणें इष्ट आहे. सातारा व सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी त्यांचा इतिहास एक आहे. १९४९ सालीं दक्षिण सातारा म्हणून निराळा केलेला जिल्हा १९६० सालीं सांगली ह्या नांवानें ओळखला जाऊं लागला. ह्या प्रदेशाच्या शिरोभागीं, महाबळेश्वरच्या डोंगरांत, तांबड्या जांभ्या दगडापासून लोखंड गाळणारे धावड लोक होते. इंग्रजी अमलांत जंगलाच्या कोळशावर निर्बंध आले, विलायती लोखंड स्वस्त मिळूं लागलें, आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. गांवोगांव बलुतेदार लोहार मात्र राहिला. लोखंड परदेशचें आलें तरी पाणी पाजणारा हात येथलाच होता. गावगाड्याचें वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलें, त्यांत हा लोहार भेटतो. परंतु तो धान्याचा वांटेकरी म्हणून भेटतो, पोलादाचा जाणता म्हणून नव्हे.

मिरजेचें उदाहरण याहून बोलकें आहे. तेथील सतार व तंबोरे करणारीं घराणीं मूळचीं शिकलगारांचीं, म्हणजे शस्त्रांस धार व पाणी देणारांचीं. पेशवाई १८१८ सालीं संपल्यावर तलवारीचें काम उतरत गेलें. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनीं तंतुवाद्यें करण्यास आरंभ केला. तलवार गेली, पण बारीक कामाचा हात गेला नाहीं. त्यानें दुसरें काम धरलें.

ह्यानंतरचा टप्पा कारखान्यांचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) हे मुंबईस यंत्रशाळेंत यंत्राचित्रांचे शिक्षक होते. बेळगांवीं सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून त्यांनीं लहानशा कर्मशाळेंत कडबा कापण्याचें यंत्र व पुढें लोखंडी नांगर केला. लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें पहिले नांगर पडून राहिले. १९१० सालीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या आश्रयानें कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. हा भाग आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यांत आहे. १९२२ सालीं धनजीशा कूपर यांचा कारखाना साताऱ्याकडे निघाला. १९४१ सालीं किर्लोस्करांनीं हरिहर येथें लेथ इत्यादि यंत्रें करण्याचा कारखाना काढला, आणि १९४७ सालीं सांगलीस अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. अशा कारखान्यांत व शाळांत तयार झालेल्या माणसांच्या घरीं आज ह्या प्रदेशांत पडवीतले लेथ आहेत. माझा विद्यार्थी त्यांतलाच एक. त्याला लेथ चालवितां येतो, मापें शतांश मिलिमीटरापर्यंत कळतात. पण पाणी पाजण्याकरितां त्यास आबांची गरज पडली. धावडापासून पडवीपर्यंतच्या ह्या सांखळींत हाच दुवा सर्वांत जुना, आणि हाच आतां सर्वांत बारीक झाला आहे.

[६]

१९१० सालचा एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. ज्या वर्षीं कुंडलच्या माळावर लोखंड घडविण्याचा उद्योग सुरू झाला, त्याच वर्षीं पुण्यास इतिहासाचार्य राजवाडे व त्यांचे सहकारी यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. त्यापूर्वीं बारा वर्षें, १८९८ सालीं, राजवाड्यांनीं वाईस सांपडलेल्या कागदांवरून आपला पहिला साधनखंड प्रसिद्ध केला होता. कागद वाण्याच्या पुडीस जाण्यापूर्वीं वांचविला पाहिजे ही दृष्टि त्यांनीं महाराष्ट्रास दिली. त्यांनीं धातु व शब्द यांचाही कागदांइतकाच कसून शोध केला. तरी पण आम्हीं त्यांच्या मागून येणारांनीं कागद तेवढा साधन मानिला. दप्तरांत तलवारीची किंमत मिळते, तलवार बक्षीस दिल्याची सनद मिळते. तिला पाणी कोणी व कसें पाजलें हें मिळत नाहीं. तें कागदावर कधीं उतरलेंच नाहीं. तें उतरलें क्रियापदांत व हातांत.

कागद शंभर वर्षें पेटींत पडून राहिला तरी वाचतां येतो. हाताचें तसें नाहीं. आबांचें वय ऐंशींच्या पुढें आहे. त्यांनीं त्या दिवशीं जें केलें तें मीं वहींत उतरविलें आहे. परंतु ‘पिकल्या बोरासारखें लाल’ हें मीं शब्दांत लिहिलें तरी तो लाल कोणता, तें भट्टीसमोर बसल्याशिवाय कळत नाहीं. माझा विद्यार्थी आतां दर रविवारीं त्यांच्याजवळ बसतो. त्याच्या पुढच्या दोन छिन्न्या फुटल्या, तिसरी टिकली.

ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस माझी विनंती एवढीच. आपापल्या गांवीं जो लोहार, शिकलगार, घिसाडी अथवा सुतार अद्यापि हातानें हत्यार करीत असेल, त्याच्याकडे वही घेऊन जावें. हत्याराचें नांव, त्याच्या प्रत्येक भागाचें नांव, क्रियेचें क्रियापद, व क्रियांचा क्रम एवढें तरी त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावें. त्यास शुद्ध मराठीचा साज चढवूं नये. ‘पाजणें’ ह्याऐवजीं मीं ‘कठीण करणें’ असें टिपलें असतें तर सुश्रुताचें वाक्य मला अद्यापि लागलें नसतें.

राहतां राहिली माझी चूक. त्या दोन विद्यार्थ्यांपैकीं एक आज सातारा जिल्ह्यांत वैद्यकी करीत आहेत. त्यांस मीं पत्र लिहून पायनेचा अर्थ दुरुस्त करून कळविला, आणि शंका त्यांची खरी होती व उत्तर माझें खोटें होतें, हेंही लिहिलें. दुसऱ्यांचा ठावठिकाणा मला लागला नाहीं. हा लेख त्यांच्या वाचनांत आला तर त्यांनीं आपल्या वहींतील तो अर्थ खोडून तेथें ‘पाणी पाजणें’ असें लिहावें.